कौसाबाईंच्या दाराचे चौकोन

घाटनांदूरचे गुरुजी पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी निळा गोळा मळत बसले होते. मळताना कुणी बोललेलं मला चालत नाही. अंबाजोगाईत आमच्या गल्लीत ही माझी खोड सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सकाळी दूधवालासुद्धा पातेलं खुणेनंच मागतो. गुरुजींना हे कुठून माहीत असणार? जय भीम करून ते पायरीवर टेकले, रुमालानं मान पुसली आणि सरळ बोलायलाच लागले.

“ताई, तुमी दारावर लावायच्या चौकोनी तुकड्यांच्या पाट्या करता म्हणं.”

“करते. नाव काय लिहायचं?”

“नाव न्हाई लिहायचं.”

“मग?”

“घर ओळखू आलं पाहिजे, असं कायतरी करून द्या.”

मी मान वर केली. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. चेष्टा करणारा माणूस वाटत नव्हता. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या पत्नी, कौसाबाई, सत्तरीच्या पुढच्या. दोन वर्षांपासून विसरायला लागल्या. आधी मीठ टाकलं की नाही ते, मग नातवंडांची नावं, आणि आता घर. शेजारी बसायला जातात आणि परत येताना स्वतःच्या दारावरून पुढे निघून जातात. कुणीतरी हाताला धरून आणतं, “मास्तर, मास्तरीण आमच्याकडं आल्यात बरं का,” म्हणून सांगतं. एकदा तर त्या थेट रेल्वे स्टेशनवर सापडल्या, बाकावर बसलेल्या. कुठं निघालात विचारलं तर म्हणाल्या, घरी.

“पुण्याचा पोरगा म्हणतोय, दाराला कुलूप लावत जा. त्याचंबी चुकत न्हाई, त्याला तिथं झोप लागत न्हाई. दिवाळीला येणार हाय, तवा कडी बसवून देतो म्हणलाय.” गुरुजींनी रुमालाची घडी घातली. “पंचेचाळीस वर्षं संसार केला तिनं माझा. तिला कोंडून मी चावी खिशात घालून हिंडू का? दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, दारावर ओळखीची खूण करून बघा. म्हणून आलो.”

मी पाट्या करते, माणसाच्या डोक्यात दार बसवून देत नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. पण हातातला निळा तोवर इतका छान मऊ झाला होता, की मी हो म्हणून बसले. माझे बरेचसे निर्णय असेच झालेले आहेत.

इथे थोडं थांबून माझं काम काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा मी कुंभारकाम करते असंच वाटतं. पॉलिमर क्ले म्हणतात तिला, पण ती माती नव्हे. प्लास्टिकच्याच जातीची, रंगीत कणीक आहे. हवेवर सुकत नाही, पाण्यात विरघळत नाही. भट्टीत ठरावीक आचेवर अर्धा तास ठेवली की कायमची घट्ट होते. पाकिटातून निघते तेव्हा ती कडक असते. ती मळायची, भरपूर मळायची, मग मशीनमधून तिची सारख्या जाडीची पट्टी काढायची. हे मशीन म्हणजे आपलं शेवया करायचं हँडलचं मशीन. माझं पहिलं मशीन सासूबाईंचं होतं. एकदा त्यात ही क्ले गेली की ते परत स्वयंपाकाला चालत नाही, हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी शेवया झाल्या नाहीत आणि संभाषणही बेताचंच झालं.

पट्टीचे मग धारदार पातीनं छोटे छोटे चौकोन कापायचे, भाजायचे, आणि फळीवर किंवा भिंतीवर चित्राप्रमाणे चिकटवायचे. मधल्या फटी पांढऱ्या सिमेंटसारख्या लगद्यानं बुजवायच्या. झालं. सांगायला पाच मिनिटं लागतात. करायला मात्र एका साध्या पाटीला आठ-दहा दिवस जातात.

आमच्या भागात या कामाचा पहिला वैरी म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत क्ले इतकी ढिली पडते की पातीला चिकटून ताणली जाते, चौकोनाचा पतंग होतो. मी पाकिटं पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवते आणि उजाडल्या उजाडल्या कामाला बसते. दुसरा वैरी म्हणजे वीज. भट्टीत माल असताना लाईट गेली की अर्धवट भाजलेला चौकोन बिस्किटासारखा मोडतो. आणि तिसरा वैरी म्हणजे आपलीच बोटं. क्ले बोटाचा प्रत्येक ठसा धरून ठेवते. त्यामुळे सपाट करणं, पुसणं, परत सपाट करणं, हेच आमचं निम्मं काम. माझ्या चौकोनावर बोटाचा ठसा दाखवा आणि पाटी फुकट न्या, असं मी ऐटीत सांगायची. कुणी नेलेली नाही.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. चौकोन आधी शाळा सांभाळून करायची, निवृत्तीनंतर दिवसभर करायला लागले. खरं सांगू का, मला या कामातलं मळणंच जास्त आवडतं. निळ्यात पांढरा मिसळताना मध्ये एक वेळ अशी येते की दोन्ही रंग अजून एक झालेले नसतात. गोळा चिरला की आत शिरा दिसतात, लांब लांब, वळत गेलेल्या. त्या बघता बघता मी जाते. कुठे जाते ते विचारू नका. कधी बालाघाटच्या उतारावर, कधी आईच्या माहेरच्या ओढ्यात. हात आपले चालू असतात. भानावर येते तेव्हा शिरा मिटलेल्या असतात आणि हातात नुसता फिकट निळा गोळा असतो. आमचे हे म्हणायचे, तुला हाक मारायची तर आधी दारावर टकटक करावं लागतं. माझ्या स्वप्नातसुद्धा कित्येकदा आभाळ चौकोनांचं असतं, मध्ये पांढऱ्या फटी. या हरवण्याचं मला फार कौतुक होतं. ते किती महागात पडू शकतं ते गुरुजींच्या कामात कळलं.

पण त्याआधीच्या माझ्या दोन फजित्या सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. सुरुवातीला माझ्याकडे भट्टी नव्हती. आपल्याकडे दिवाळीला, ईदला बायका मैदा-साखर-डालडा घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. मीही माझा ट्रे घेऊन त्याच रांगेत उभी राहिले. बेकरीवाले रशीदभाई भट्टीत हात घालून आच ओळखायचे. त्यांनी माझा ट्रे हुंगला. “मॅडम, ह्यात तूप न्हाई, साखर न्हाई. हे हाय काय?” मी म्हटलं, शोभेचं आहे. पहिल्या खेपेला सगळे चौकोन फुगले आणि काळे पडले. दुसऱ्या खेपेला बरे निघाले, पण माझे चाळीस बदामी चौकोन एका बाईंच्या डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्या बाई बेकरीत भांडायला आल्या, की तुमची नानकटाई अडकित्त्यानं फोडून बघितली तरी फुटत नाही. रशीदभाईंनी मला हात जोडले. खाण्याच्या भट्टीत हे भाजायचंच नसतं, हे मी मागाहून शिकले आणि या कामापुरती छोटी विजेची भट्टी घेतली. रशीदभाई अजून रस्त्यात भेटले की विचारतात, “मॅडम, नवीन बिस्कुट काय काढलं?”

दुसरी फजिती एका पुढाऱ्याच्या चेहऱ्याची. वाढदिवसाला कार्यकर्त्यांना साहेबांची तसबीर चौकोनांत हवी होती. आता, काही रंग भाजल्यावर गडद होतात, हे मला तेव्हा पुस्तकात वाचून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. भट्टीतून साहेब निघाले ते चार महिने उन्हात नांगर धरल्यासारखे. कार्यकर्ता बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मिशी बरोबर हाय, पण मॅडम, आमचे साहेब कवा शेतात गेलते बे?” मग जीभ चावून माफी मागितली. ते बे त्याच्या तोंडून सवयीनं गेलं होतं. मी चेहरा परत केला. पण पहिलाच चेहरा जास्त चांगला होता असं माझं मत अजूनही आहे.

तर गुरुजी. मी त्यांच्यासाठी पहिली पाटी केली ती अगदी मन लावून. निळ्या आकाशात पिंपळाचं पान, खाली पाण्यात पांढरं कमळ, कडेनं सोनेरी नक्षी. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक काम असेल. दोनशेच्या वर चौकोन, एकावरही ठसा नाही. घाटनांदूरला जाऊन मी ती स्वतः लावली. कौसाबाईंचं जुनं मातीचं घर पाडून मुलानं तीन वर्षांपूर्वी स्लॅबचं घर बांधलं होतं. आजूबाजूलाही तशीच घरं, सगळ्यांना पिस्ता रंग, सगळ्यांना स्टीलचं गेट. खरं तर मीही एकदा चुकून पुढच्याच गेटपाशी थांबले होते. पाटी लागल्यावर गल्ली गोळा झाली. सगळे वा वा म्हणाले. मी फुलले.

संध्याकाळी कौसाबाई शेजारून परत निघाल्या. ठेंगण्या, हलक्या, डोक्यावरून नीट पदर घेतलेल्या. पाटीसमोर थांबल्या. गुरुजींनी माझा हात दाबला. कौसाबाईंनी मान तिरकी करून सगळं चित्र बघितलं आणि म्हणाल्या, “बया! कुणाचं घर हाय हे? लई झ्याक हाय.” आणि चालत्या झाल्या. गुरुजी त्यांच्या मागे गेले. मी त्या सुंदर पाटीखाली उभी राहिले आणि मला फार लाज वाटली. मी माझं घर सजवावं तसं त्यांचं घर सजवलं होतं. त्यांना काय ओळखीचं आहे हे मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नुसतीच भेटायला गेले. सवयीनं क्लेचा डबा बरोबर होता. जुनं घर कसं होतं असं कौसाबाईंना विचारलं. “माझं घर? तिकडं हाय की. जायाचंच हाय मला आता,” त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, मातीचं होतं, दाराला निळा रंग होता, अजून काय सांगू. मला सुचेना. काही सुचलं नाही की मी मळते. ओसरीवर बसून मातकट रंगाचा एक मोठा गोळा मळला, पाटावर कागद घालून लाटण्यानं त्याची पोळी लाटली, परातीएवढी. का लाटली ते मलाही माहीत नव्हतं. कौसाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी उजवा हात त्या पोळीवर टेकवला आणि डावीकडून उजवीकडे फिरवला. चार बोटांची कमान उठली. तिला लागून दुसरी. मग तिसरी. त्या बसल्या बसल्या मागे सरकत गेल्या आणि सगळी पोळी कमानींनी भरून टाकली.

त्या सारवत होत्या.

दारात उभे असलेले गुरुजी खाली बसले. “ही तिची रेघ,” ते म्हणाले. “दर आठवड्याला सारवायची. दाराशेजारची भिंतबी. तिची करंगळी बघा, लहानपणी विळ्यानं कापली, वाकडीच राहिली. म्हणून चौथी रेघ मधीच सुटते. गल्लीत कुनीबी रेघ बघून सांगायचं, ही मास्तरणीची.” मी बघितलं. खरंच, प्रत्येक कमानीत तीन रेघा पूर्ण होत्या आणि चौथी अर्ध्यातून वर उठून गेली होती. नव्या घरात सगळीकडे गुळगुळीत फरशी. तीन वर्षांत त्या हाताला काम नव्हतं.

ती पोळी गुरुजींकडच्या परातीत ठेवून, परात मांडीवर धरून मी काळी-पिवळी जीपमधून अंबाजोगाईला आले. दुसऱ्या दिवशी तिचे चौकोन कापायचे, भाजायचे आणि दाराशेजारी त्याच क्रमानं लावायचे, इतकं सरळ काम होतं. रात्रभर मला कमानींची स्वप्नं पडली. पहाटे उठले ते तशीच, अर्धी त्या स्वप्नात. पोळी पाटावर घेतली. खिडकीतून पहिला उजेड तिच्यावर पडला होता आणि तिच्यातून डोंगराच्या रांगा निघाल्यासारख्या दिसत होत्या, एकामागे एक. मी त्या रांगांत कितीतरी वेळ चालत होते. भानावर आले तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं आणि पाटावर स्वच्छ, सपाट, एकही ठसा नसलेली पोळी होती.

मी ओरडले की रडले ते आठवत नाही. इतक्या वर्षांची सवय. पोळीवर बोटं उठली आहेत म्हणजे चूक आहे, एवढंच हातांना माहीत होतं, आणि हातांवर लक्ष ठेवायला मी जाग्यावर नव्हते. शाळेतल्या मुलींना मी हेच शिकवायची, की हात आपोआप चालले पाहिजेत.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायची मला अजिबात इच्छा नाही. मी स्वतःच कमानी काढल्या. करंगळी मध्येच उचलून, तीन पूर्ण आणि एक अर्धी. चित्रकलेची शिक्षिका मी, नक्कल हुबेहूब झाली. गुरुजींना तरी काय कळणार, असं स्वतःला सांगत, भाजण्याआधी दाखवते म्हणून घाटनांदूर गाठलं. गुरुजींना खरंच कळलं नाही. पण कौसाबाईंनी पोळीवर हात ठेवला आणि नाक मुरडलं.

“कुनी सारवलं हे?”

“कावून, काय झालं?” गुरुजींनी विचारलं.

“हात भितोय तिचा. नवी नवरी हाय वाटतं.”

मग मी गुरुजींना खरं सांगितलं. ते शिक्षक माणूस, मला वाटलं खूप बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “परत करील की ती,” म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

कौसाबाईंनी परत केलं नाही. मी पाच वेळा गेले. पोळी लाटून समोर ठेवली, स्वतः हात फिरवून दाखवला. एकदा त्यांनी तिची घडी घातली. एकदा तिचा गोळा करून भाकरी थापली, ती सुरेख झाली, पण भाकरी घेऊन मी काय करू? एकदा नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “पोरी, तुला घरी काम न्हाई का?” परतताना काळी-पिवळीत मी खिडकीशी बसायची. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, त्यांचेही चौकोनच दिसायचे. पण पहिल्यांदाच मला त्या चौकोनांत हरवायचं धैर्य होत नव्हतं.

सहाव्या वेळी गुरुजी मला गेटवरच भेटले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या आणि हातात घमेलं. घमेल्यात शेण. “गोठ्यातून आणलं, पलीकडच्या पाटलांच्या. ताजं हाय. मी इचार केला, तिला नुसतं दिसून कळायचं न्हाई. वास पाहिजे.” मी ओसरीवर पोळी लाटून घेतली तोवर त्यांनी शेजारीच बसून माती टाकली, पाणी घातलं आणि आयुष्यात कधी केलं नसेल अशा हातांनी कालवायला लागले. माझ्या कामात एक केस, एक धूलिकण पडू नये म्हणून मी पंखासुद्धा लावत नाही. आणि इथे माझ्या पोळीपासून हातभर अंतरावर शेणकाला तयार होत होता. मी डोळे मिटून घेतले.

उघडले ते कौसाबाईंच्या आवाजानं. त्या आतून ताडताड चालत आल्या होत्या. “सरका! असं कालवतेत का? पार पातळ केलंय!” गुरुजी घाईघाईनं बाजूला झाले. कौसाबाईंनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या, मला म्हणाल्या, “ऊठ गं पोरी, पाय उचल. सारवायचंय.” मी पाय उचलले आणि त्याच वेळी पाट त्यांच्यापुढे सरकवला. शेणानं भरलेला हात माझ्या पोळीवर फिरला. कमानीला कमान लागत गेली. पाट संपला तरी त्या थांबल्या नाहीत, ओसरीची चकचकीत फरशीही सारवत सारवत थेट पायरीपर्यंत गेल्या. कुठलंतरी जात्यावरचं गुणगुणत होत्या, त्यातला शब्द कळत नव्हता. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात स्वच्छ नव्हते.

या वेळी मी घरी न्यायची वाट बघितली नाही. तिथेच पाती काढून चौकोन कापले, मागे आकडे घातले, जागी राहून, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत. वरचं शेण ओल्या फडक्यानं टिपून घेतलं, पण रेघांच्या खाचांत ते बसलं होतं ते निघालं नाही. भट्टीत भाजताना माझ्या घरात जो काय वास सुटला, त्याबद्दल गल्लीत अजून बोललं जातं. मध्ये एकदा लाईट गेली. सुदैवानं लगेच आली, मी वेळ परत पहिल्यापासून धरली. चौकोन निघाले तेव्हा खाचांतलं शेण गडद होऊन रेघा अशा उठून दिसत होत्या, की तसा परिणाम साधायला आम्ही लोक तपकिरी रंग लावून पुसून महिनोन्‌महिने धडपडतो. मला इतकं चांगलं काम कधी जमलं नव्हतं, आणि ते मी केलेलं नव्हतं.

पिंपळपानाची पाटी मीच उतरवली. तिच्या जागी, पाऊस-ऊन लागणार नाही अशा बेतानं छज्ज्याखाली, कौसाबाईंच्या खांद्याच्या उंचीवर मातकट चौकोन लावले. या वेळी गल्लीत कुणी वा वा म्हणालं नाही. एकानं विचारलं, “मॅडम, गिलावा अर्धाच राहिला का?”

दाराला कुलूप लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलगा दिवाळीला आला, चार दिवस ओसरीवर बसून बघत होता, आणि कडी न बसवताच गेला. पण त्यानं काय बघितलं, ते मी त्याच्याआधी, फटींतला लगदा वाळल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी बघितलं होतं.

कौसाबाई शेजारून निघाल्या. मी आणि गुरुजी रस्त्याच्या पलीकडे उभे. त्या सावकाश येत होत्या, एकेका गेटकडे बघत, कुठेच न थांबता. स्वतःच्या दारावरूनही पुढे गेल्या. आणि मग त्या दोन पावलं मागे आल्या. भिंतीपाशी गेल्या. चौकोनांवर हात ठेवला, बोटं रेघांत घातली, डावीकडून उजवीकडे नेली. करंगळी मध्येच सुटली. पुन्हा एकदा नेली.

त्यांचा चेहरा उजळला. आम्ही दिसलो तशी त्यांनी हाक मारली, “अवो, हिकडं या! हे मास्तरणीचं घर हाय. तिचीच रेघ ही. लई गुणाची बाई. चला, पानी पिऊन जाऊ.”

मी गुरुजींकडे बघितलंच नाही. बघवलं नसतं. कौसाबाईंनी गेट ढकललं, चपला पायरीखाली नीट जोडून काढल्या, परक्याच्या दारात काढाव्यात तशा, आणि आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. गुरुजींनी चहा ठेवला. आम्ही तिघं प्यायलो. कौसाबाईंनी बशी खाली ठेवली, घरभर नजर फिरवली आणि हलक्या आवाजात विचारलं, “मास्तरीण दिसंना. कुठं गेल्या?”

“गेल्यात जरा बाहेर,” गुरुजी म्हणाले. “येतील. तवर बसा तुमी.”